बावन्नपैकी अकरा

थोरव्यांच्या घरात परीक्षेला बसलेलं माणूस आजवर नापास झालं नव्हतं. धाकट्या दादाभाऊची दहावी दोनदा बुडाली होती, पण ती धरायची नाही असं घरात ठरलेलं होतं. त्यामुळे सव्वीस जानेवारीला कळंबच्या शाळेच्या पटांगणात झेंडावंदन उरकून ग्रामसभा सुरू झाली आणि भोंग्यातून ‘सावळाराम बहिरू थोरवे, बावन्नपैकी अकरा’ असं ऐकू आलं, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाला, भरतला, क्षणभर वाटलं, आण्णांनी या वयात कसली परीक्षा दिली?

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि कानशिलं तापली. ग्रामसेवक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची यादी वाचत होते. चार वर्षांपूर्वी घरोघर पाहणी झाली होती. तेरा प्रश्न, एकेकाला चार गुण. जितके गुण कमी तितकं घर गरीब. ती यादी वर कुठेतरी अडकून पडली होती, ती आज सुटली आणि नेमकी आज वाचली जात होती.

भरत पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. मांडीवर शाल आणि नारळ. अर्ध्या तासापूर्वीच सरपंचांनी ते त्याला दिलं होतं, कारण त्यानं शाळेला चार पंखे दिले होते. भोसरीला कंपनीत सुपरवायझर असलेला कंडक्टरांचा थोरला मुलगा गावाला विसरला नाही, असं सरपंच माइकवरून म्हणाले होते. आता त्याच माइकवरून त्याच्या बापाचं नाव सत्तेचाळिसाव्या नंबरला आलं. मागच्या रांगेत कुणी हसलं नाही, उलट सगळे एकदम गप्प झाले. हसले असते तर बरं झालं असतं.

तीन खुर्च्या सोडून चांगदेवराव बसले होते. बोरी बुद्रुकच्या ज्या मुलाशी भरतच्या मुलीचं, हर्षालीचं, लग्न जमत आलं होतं, त्याचे ते सख्खे मामा. राहायला कळंबमध्येच. बोरीची माणसं चार वाजता बोलणी पक्की करायला यायची होती. चांगदेवरावांनी भरतकडे पाहिलं आणि लगेच झेंड्याकडे पाहायला लागले. भल्या माणसाची ती रीत असते, पण भरतच्या जिवाला ती लागली.

सभा संपायच्या आत त्यानं ग्रामसेवकांना गाठलं.

“भाऊसाहेब, काहीतरी चूक झालीय. आमचं नाव कसं येईल?”

“तुमचं न्हाई आलं, भरतराव. मास्तरांचं आलंय.”

कळंब, मंचर, नारायणगाव, सगळीकडे आण्णांना मास्तरच म्हणत. एस्टीत कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धतच आहे.

“एकच झालं ना ते.”

“कागदावर एक न्हाई राव. वाटणी झाली, जमीन तुमा दोगा भावांच्या नावावर. दादाभाऊ मळ्यातल्या बंगल्यात, तुमी भोसरीला. म्हातारा-म्हातारी गावठाणात. त्यांची चूल येगळी, कुटुंब येगळं.” ग्रामसेवक फाईल मिटत म्हणाले, “हरकत घ्या. फेरतपासणी करतो. तीनला येतो घरी. डोळ्यांनी बघतो, मास्तरांचा जबाब घेतो, एक पंच लागंल.”

“पंच चांगदेवराव येतील,” भरत जरा मोठ्यानंच म्हणाला. “त्यांनीच येऊन बघावं. लपवायसारखं काय आहे आपल्याकडं?”

चांगदेवरावांनी मान हलवली. येतो म्हणाले. भरतला आपल्या हुशारीचं फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

*

मळ्यातल्या बंगल्यात दादाभाऊच्या बायकोनं, मंगलनं, सकाळपासून गॅस पेटता ठेवला होता. पाहुण्यांना मासवड्या करायच्या होत्या आणि मासवडी थापावी तर सासूबाईंनीच. बयाबाई ओल्या फडक्यावर पिठाचा गोळा थापत होत्या, वर सारण पसरत होत्या. भरत आणि दादाभाऊ आत आले तेव्हा त्यांचे चेहरे बघूनच मंगलनं गॅस बारीक केला.

भरतनं सांगितलं. त्याची बायको वृषाली पाटावर टेकली.

“भोंग्यावरून? सगळ्या गावासमोर?” ती म्हणाली. “आणि चांगदेवमामा होते तिथं?”

“व्हते,” दादाभाऊ म्हणाला. “आता लोक काय म्हनतील? दोन पोरं कमावती, आन बाप दारिद्र्यरेशेखाली. मला तर मान वर करायला जागा न्हाई ठेवली.”

“पण अकरा गुण आले कसे?” भरत आईकडे वळला. “आई, तो पाहणीवाला आला तेव्हा तू काय सांगितलंस?”

बयाबाईंनी मान वर केली नाही. “काय सांगनार? इच्यारलं आसंल त्यानं कायबाय.”

आणि मग सगळ्यांच्या तोंडावर एकदम सुटका दिसली, कारण आईची सवय सगळ्यांना माहीत होती. परक्या माणसापुढं आपल्याकडे आहे असं म्हणायचं नाही, दृष्ट लागते. म्हैस भरपूर दूध द्यायची तेव्हाही बयाबाई शेजारणीला म्हणायच्या, ‘कसलं काय बाई, रेडकालाच पुरत न्हाई.’ बाजरीचं कणीस हातभर आलं तरी ‘आवंदा काय खरं न्हाई.’ त्या पाहणीवाल्या पोराला बिचाऱ्याला ही भाषा काय कळणार? त्यानं ऐकलं तसं लिहिलं.

“दोन लुगडी, एक अंगावर एक दांडीवर, असंच सांगितलं असणार हिनं,” भरत म्हणाला, आणि त्याला हसूसुद्धा आलं.

“म्या सांगितलं आसंल बाबा,” बयाबाई म्हणाल्या. “माझंच चुकलं. ही वडी जरा पातळ झाली का गं, मंगल?”

मंगल वडीकडे न बघता सासूबाईंकडे बघत राहिली. त्यांच्याबरोबर तिनं वीस वर्षं काढली होती. त्या इतक्या चटकन चूक कबूल करणाऱ्या नव्हत्या. मीठ जास्त पडलं तरी दोष मिठाला द्यायच्या.

“चूक कुणाची का असंना, तीन वाजता माणूस येणार,” वृषाली म्हणाली. तिचं डोकं आता चालायला लागलं होतं. “आणि त्या घरात आहे काय दाखवायला? टीव्ही नाही, कुकर नाही. आण्णांना नको असतं म्हणून आपण दिलं नाही, हे त्याला कसं सांगणार? इथून चार वस्तू नेऊन ठेवू. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

“टीव्ही मी नेतो पिकअपमदी,” दादाभाऊ म्हणाला. “टेबलफॅन बी.”

“कुकर ने. गव्हाची दोन पोती ने. मंगल, तुझ्या साड्या काढ आठ-दहा, मी माझ्या देते.”

मंगलला गावात चिकट म्हणत, आणि ते फार खोटं नव्हतं. पण आज तिला कुकर द्यायचं दुःख झालं नाही. ती अडखळली ती गव्हाच्या पोत्यांपाशी. वाटणीच्या वेळी ठरलं होतं, धान्य धाकट्यानं घालायचं, किराणा थोरल्यानं. पहिली दोन वर्षं तिनं स्वतः पोती भरून पाठवली. मग बंगल्याचं काम निघालं. सासूबाई म्हणाल्या, मागलं हाय अजून, ऱ्हाऊ दे. पुढच्या साली पुन्हा म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. मग मुलाचं, ऋषीचं, कॉलेज. त्यानंतर मंगलनं विचारलंच नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. मागलं धान्य किती वर्षं पुरतं, हे शेतकऱ्याच्या बायकोला कळत नाही असं थोडंच आहे?

“ताई,” ती वृषालीला हळूच म्हणाली, “तुमी किराणा दर म्हैन्याला पाठवता ना?”

“दिवाळीला आणतो की भरपूर,” वृषाली म्हणाली. “महिन्याचं तुम्हीच बघता ना इथून? जवळ आहात म्हणून.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कुकरची शिट्टी वृषालीच्या हातात होती, ती तिनं तशीच मुठीत धरली. मग दोघी साड्या काढायला आत गेल्या.

*

हर्षालीला भरतनं कोरा फॉर्म देऊन गावठाणातल्या घरी पाठवलं होतं. आजोबांकडून उत्तरं घटवून घे, म्हणाला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला आजोबांची तोंडी परीक्षा घ्यायची गंमत वाटली. सावळाराम ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. झेंडावंदनाला घातलेला इस्त्रीचा सदरा अजून अंगात होता. भोंगा गावठाणात स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे त्यांना काही सांगायची गरज नव्हती.

“पहिला प्रश्न. जमीन?”

“न्हाई.”

“आजोबा, अहो आहे ना आपली.”

“तुमची हाय. माझ्या नावावर न्हाई. वाटणीच्या टायमाला मीच नाव काढलं, फुडं भावाभावात कटकट नको म्हणून.”

“बरं, हे मी आजोबांची सोय बघून भरते,” ती हसली. “तिसरा. माणशी कपडे किती?”

“वापरातले का पेटीतले?”

“वापरातले.”

“माझी दोन धोतरं, दोन सदरे. तुझ्या आजीची दोन लुगडी.”

“आणि दर दिवाळीला पप्पा साडी देतात, त्या?”

“त्या पेटीत हायेत. घडी मोडली न्हाई. तुझ्या लग्नात मानपानाला लागतील म्हणून ठेवल्यात तिनं.”

हर्षालीनं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. “चौथा. दिवसातून पोटभर जेवण किती वेळा?”

सावळारामांनी बोटांवर वार मोजले. “आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“गुरुवारी तुझ्या आजीचा उपास आसतो.”

आजीचे उपास हा घरात अभिमानाचा विषय होता. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. हर्षालीची आई भोसरीच्या भिशीत बायकांना सांगायची, आमच्या सासूबाईंचं बघा, सत्तरीला आल्या पण एक वार सोडत नाहीत. हर्षालीला एकदम आठवलं की आजी सकाळपासून मळ्यात उपाशीपोटी मासवड्या करतेय. निदान आल्यावर तिला खिचडी द्यावी म्हणून ती आत गेली. डबे उघडले. साबुदाणा नव्हता. भगर नव्हती. शेंगदाणे नव्हते. एका डब्यात तळाशी बाजरीचं पीठ होतं, एकात चहाची पूड.

ती बाहेर आली. “आजोबा, आजी उपासाला खाते काय?”

“च्या घेती.”

“आणि?”

“उपासच तो. त्यात खायचं काय आसतं?”

ती त्यांच्यासमोर खाली बसली. फॉर्मचा कागद तिच्या हातात वाकला होता. “गुरुवार कधीपासून धरला तिनं?”

“मळ्यात बंगल्याचा स्लॅब टाकला, त्या साली.”

“आणि शनिवार?”

“ऋषी कॉलेजला गेला तवा.”

“तुमचं रात्रीचं जेवण डॉक्टरांनी बंद केलंय, असं पप्पा म्हणतात.”

“डॉक्टर लई चांगला मानूस,” सावळाराम म्हणाले. “त्याच्या नावावर काय बी खपतं.”

भोसरीच्या घरात रविवारी उरलेली भाजी टाकून द्यायचं काम हर्षालीकडे असे. ती वाटी तिला डोळ्यांसमोर दिसायला लागली. आपल्याला कुणीतरी तोंडावर मारलं असतं तर इतका धक्का बसला नसता.

“तुम्ही सांगितलं का नाही कधी?”

“कुणाला? भरतचा फ्लॅट, तुझी फी. दादाभाऊचं घर, ऋषीची फी. ज्याचं त्याला पुरत नव्हतं. त्यात आपलं कुठं काढायचं?” त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. “चौतीस वर्षं नोकरी केली पोरी, पेन्शन काय एस्टीला नव्हती. डोंगरातल्या आहुप्याच्या मुक्कामी गाडीवर होतो तवा वरची मानसं यायची, आंगावर धड कपडा नसायचा. म्या मनात म्हणायचो, ही गरीब, आन आपण मध्यमवर्गीय. पेपरात वाचलेला शब्द. लई आवडला व्हता मला. घरी येऊन तुझ्या आजीला सांगितला. मधी ऱ्हायचं म्हणजे काय, ते नंतर कळलं. आपल्याला खायला नसलं तर चालतं. ते कुणाला कळलेलं चालत न्हाई.”

“मग तुम्ही हरकतीवर सही करणार?”

“चारला बोरीचं पावणं येत्यात ना?” ते म्हणाले.

बाहेर पिकअपचा आवाज आला. दादाभाऊकाका टीव्ही घेऊन आला होता.

*

ग्रामसेवक तीनला येतो म्हणून साडेतीनला आले. ते एका अर्थी बरं झालं, घर लावायला वेळ मिळाला. भरतनं उंबऱ्यात उभं राहून शेवटची नजर टाकली. पेटीवर टीव्ही, कोपऱ्यात फॅन, चुलीशेजारी चकचकीत कुकर, भिंतीला गव्हाची दोन पोती, दोरीवर अकरा साड्या. घर बघण्यासारखं झालं होतं. आपण हे आधीच का नाही केलं, असं त्याला वाटून गेलं, आणि तो विचार त्यानं पुढं जाऊ दिला नाही.

चांगदेवराव खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले. सगळं घर त्यांनी एकदा बघितलं. टीव्हीकडे जरा जास्त वेळ बघितलं. टीव्हीची वायर पेटीमागं लोंबत होती, कारण त्या भिंतीला प्लगच नव्हता.

“कपडे, भरपूर. चार गुण,” ग्रामसेवक लिहीत म्हणाले. “टीव्ही, पंखा, कुकर. चार. धान्य दिसतंय. जेवण?”

“दोन्ही वेळचं, पोटभर,” भरत म्हणाला.

“मास्तरांनी सांगाया पायजे.”

“दोन्ही टायमाला,” सावळाराम म्हणाले.

दाराआड उभ्या असलेल्या मंगलनं पदर तोंडाशी नेला. हर्षाली तिच्या शेजारी उभी होती. ग्रामसेवक आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि भरतला वाटत होतं की मुलगी पाहुण्यांच्या भीतीनं गप्प आहे.

तेरा प्रश्न संपले. बेरीज चौतीस आली. म्हणजे नाव यादीतून गेलं. ग्रामसेवकांनी फाईलमधून जुना पिवळट फॉर्म काढला आणि नव्याला जोडता जोडता थांबले.

“मास्तर, एक आडचण हाय. ह्या जुन्या फॉर्मवर माहिती देणाऱ्याची सही हाय. ही तुमचीच ना?”

“सही?” भरत म्हणाला. “अंगठा असेल. आईनं सांगितली होती माहिती.”

ग्रामसेवकांनी कागद त्याच्यापुढं धरला. खाली निळ्या शाईत वळणदार सही होती. सा. ब. थोरवे. भरतच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची. वर प्रत्येक उत्तर त्याच माणसानं दिलेलं. जमीन नाही. कपडे दोन. जेवण दिवसातून एकदा, कधी कधी तेही नाही.

भरतनं ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. मग आईकडे पाहिलं. बयाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. सकाळी ‘माझंच चुकलं’ म्हणाल्या त्या, आणि त्याला हसू आलं होतं.

“माझीच सही,” सावळाराम म्हणाले. “पोरगा उन्हातान्हाचा आलेला. सरकारी कामावरचा मानूस. त्याला कसं फिरवायचं?”

“मग मला लिवावं लागंल, मास्तर. तवाची माहिती खरी का आत्ताची? दोनी खऱ्या कशा व्हतील? कागद वर तपासला जातो. कारण इच्यारत्यात.” ग्रामसेवकांचा आवाज खाली आला होता. त्यांनाही काहीतरी कळलं होतं, पण त्यांना रकाना भरायचा होता. “का त्या टायमाला परिस्थिती वाईट व्हती, आता सुधारली, असं लिवू?”

हे सोयीचं होतं. भरतला ते लगेच पटलं. पण दादाभाऊ चटकन बोलून गेला, “त्या साली तर माझा बंगला चालला व्हता. लोक म्हनतील, पोरगा बंगला बांधीत व्हता आन बाप उपाशी.” बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो काय बोलला.

सावळारामांनी दोन्ही मुलांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग दोरीवरच्या साड्यांकडे.

“तवाची खोटी,” ते म्हणाले.

“मास्तर, इच्यार करा. तसं लिहून द्यावं लागंल.”

“लिहितो की. द्या कागद.”

“कारण?”

“स्वस्तातल्या धान्याच्या लोभानं,” सावळाराम म्हणाले आणि लिहायला लागले. बारीक, सरळ रेषेतलं अक्षर. मी सावळाराम बहिरू थोरवे, वय बहात्तर, लिहून देतो की, मागील पाहणीत मी जाणूनबुजून खोटी माहिती दिली. भरत त्या हाताकडे बघत होता. आण्णा, थांबा. एवढे दोन शब्द पुरे होते. ते त्याला सुचलेही. पण बाहेर बोरीची माणसं येणार होती, मुलीचं आयुष्य होतं, आणि आज सकाळीच त्याला नारळ मिळाला होता.

बयाबाई उठल्या आणि आत गेल्या.

“पंचाची सही,” ग्रामसेवक म्हणाले.

चांगदेवरावांनी पेन घेतलं. कागद वाचला. मग तो मांडीवर ठेवला.

“तीस वर्सं मी ह्यांच्या गाडीनं नारायणगावला गेलो,” ते म्हणाले. “माझ्या सासऱ्याचं अर्धं तिकीट चाललं न्हवतं ह्यांना. वयाचा दाखला न्हवता म्हणून. भर गाडीत पुरं तिकीट फाडलं.” मग त्यांनी भरतकडे पाहिलं, आणि या वेळी नजर वळवली नाही. “भरतराव, तुमी म्हनाल तसं. करू सही?”

गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. बोरीची माणसं मळ्यात न जाता चांगदेवरावांना शोधत थेट इकडेच आली होती.

“करा,” भरत म्हणाला.

आपलाच आवाज ऐकून तो दचकला. चांगदेवरावांनी सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि रुमालानं हात पुसला.

ग्रामसेवक मोटरसायकलला किक मारून गेले आणि त्याच दारातून पाहुणे आत आले. पुढं मुलाची आजी ठकूबाई, मागं मुलाचे आईवडील, मुलगा. आता मळ्यात चला म्हणायला वेळ नव्हता. सतरंजी अंथरली गेली. दादाभाऊनं मळ्यातून पळत आणलेल्या मासवड्या मंगलनं बश्यांत मांडल्या. वृषालीनं साड्या दोरीवरून ओढून काढल्या, पण टीव्ही, कुकर आणि पोती होती तिथंच राहिली. सावळाराम हात जोडून उभे राहिले, या, बसा म्हणाले, मुलाच्या वडिलांकडे प्रवासाची चौकशी केली. काहीच झालं नाही असं वागायचं कसब त्यांच्याइतकं कुणाकडे नव्हतं. भरतलाही ते हळूहळू जमायला लागलं.

हर्षाली चहा घेऊन आली. ठकूबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं.

“शिकली सवरली दिसती. सैपाक येतो?”

“येतो.”

“आजा काय करीत व्हता गं तुझा?”

“एस्टीत कंडक्टर होते,” हर्षाली म्हणाली.

“बरं, बरं. पगारी मानूस. चांगलं घर हाय.”

भरत हसून मान हलवणार एवढ्यात हर्षालीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

“चौतीस वर्षांत ते कुणाशी खोटं बोलले नाहीत,” ती म्हणाली. “आज बोलले. आत्ता, तुम्ही यायच्या आधी, या इथं बसून. माझं लग्न मोडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की मी लबाड आहे, मी लोभी आहे. आम्ही सगळ्यांनी ते लिहू दिलं. हा टीव्ही काकूचा आहे. कुकरही काकूचा आहे. माझी आजी आठवड्यातून तीन दिवस जेवत नाही, कारण घरात नसतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. ती रडतही नव्हती. मुलगा बशीतला घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. ठकूबाईंनी चांगदेवरावांकडे पाहिलं. चांगदेवरावांनी होय अशी मान हलवली.

वृषाली म्हणाली, “ती काहीतरीच बोलतेय, दमलीय ती,” पण ते वाक्य मध्येच संपलं. दादाभाऊ जमिनीकडे बघत होता. मंगल दारात खाली बसली होती आणि उघड रडत होती.

भरतनं आण्णांकडे पाहिलं. आयुष्यभर असल्या प्रसंगी आण्णाच पुढं व्हायचे. काहीतरी हसण्यावारी न्यायचे, पाहुण्यांना पान द्यायचे, पोरं ल्हान हायेत म्हणायचे, आणि सगळ्यांची अब्रू जागच्या जागी राहायची. आताही ते ‘पोरगी चेष्टा करती’ एवढं म्हणाले असते तरी पाहुणे ऐकणार होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

सावळारामांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गप्प बसले.